काळ्या गाडीवरचे ठिपके

काळी गाडी पाळणं म्हणजे रुसका जावई घरात ठेवून घेणं. पांढऱ्या गाडीवर बोटभर धूळ बसली तरी ती बिचारी दोन दिवस निभावून नेते. काळीवर पाण्याचा एक थेंब वाळला, की तो गावभर बोंबलत सुटतो. नागपूरच्या धरमपेठेतल्या वामनराव वकिलांनी काळी अँबॅसडर घेतली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना हेच सांगितलं होतं. वकील नुसते हसले. म्हणाले, "आमच्याकडे धोंडबा आहे."

आणि होताच की धोंडबा! गाडी आल्या दिवसापासून एकोणीस वर्षं वकिलांचा ड्रायव्हर, आवाराच्या टोकाला दिलेल्या खोलीत बायकोसकट राहणारा. गाडी धुवायची ती उन्हं यायच्या आत. आवारातली विहीर खारी. ते पाणी वाळलं की काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात, म्हणून नळाचंच पाणी घ्यायचं. बादलीत बोट बुडवून जिभेला लावायचं आणि गोडं आहे अशी खात्री झाली की मगच फडकं भिजवायचं. आधी टप, मग काचा, मग बॉनेट आणि दारं, चाकं सगळ्यात शेवटी. जुन्या मलमलच्या धोतराने पुसायचं, तेही गोल गोल न घासता सरळ हात ओढून. मग दहा मिनिटं बिडी. तेवढ्यात दारांवरच्या पन्हाळीत लपून बसलेलं पाणी हळूच ओघळतं. ते टिपलं की गाडी धुतली म्हणायची. ह्या दहा मिनिटांचं गुपित त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ते ओघळच त्याला दिसत नव्हते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगून टाकलं होतं. "मोतीबिंदू असता तर काढला असता. हा काचबिंदू आहे. गेलेली नजर येत नाही, आणि आहे ती टिकेल असं नाही. गाडी चालवू नका." समोरचं धूसर आणि बाजूचं सगळं काळं, असं होत चाललं होतं. पण नोकरी गेली की खोली गेली. मूलबाळ नाही, गावी वीतभर जमीन नाही, आणि साठीला टेकलेल्या ड्रायव्हरला उभं कोण करतंय? घरी येऊन त्याने अंजनाबाईला, आपल्या बायकोला, शपथ घातली. "कोणाले एक शब्द बोलशील, तं माझं मेलेलं तोंड पाहशील."

ती बोलली नाही. उलट पाहायचं काम तिने अंगावर घेतलं. रोज सकाळी गाडीभोवती अंगण झाडता झाडता ती पुटपुटायची, "मांगच्या दारावर, कडीच्या खाली." तो फडकं फिरवायचा. "आता?" "अजून दोन बोटं खाली." ओट्यावर पेपर वाचणाऱ्या वकिलांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं काय गुलुगुलु चाललंय सकाळी सकाळी! गाडी मात्र आरशासारखी चमकायची. कोर्टाचा आणि सदर बाजाराचा रस्ता त्याला पाठ होता, त्यामुळे निभत होतं.

चैत्रात मात्र घात झाला. वर्षाच्या तिखटाची मिरची आणायला वकिलांनी दोघांना भिवापूरला पाठवलं. येताना उमरेड मागे पडलं आणि कडेने भारा घेऊन चाललेली एक बाई रस्त्यात उतरली. अंजनाबाई किंचाळली म्हणून ब्रेक लागला. हातभर अंतरावर उभी राहून ती बाई ह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"आली कुठून वं हे?" धोंडबाने विचारलं.

"आली कुठून? कवाची चालून राहिली समोर!"



आणि आता वकिलांची लेक चारुशीला वर्ध्याला सासरी निघाली होती. माहेरी बाळंत झालेली, सव्वा महिन्याची पोर मांडीवर. त्या पोरीला रोज तेल लावून न्हाऊ घालायची ती अंजनाबाईच. आदल्या दिवशी संध्याकाळी तिने जेवताना विषय काढला.

"अवो, सांगून टाका ना साहेबाले. उद्या दुसरा ड्रायवर पाहा म्हना."

"अन् आपण कुठी राहाचं? पुलाखाली?"

"लेकरू हाय गाडीत."

"एकोणीस वर्षं चालवली मी! एक ओरखडा दाखव गाडीवर!"

"मी दाखवला तं तुमाले दिसन का?"

त्याने ताट भिरकावलं. भात भुईवर सांडला. तिने तो मुकाट्याने गोळा केला आणि स्वतःही जेवली नाही.

सकाळी बादल्या भरूनच ठेवलेल्या होत्या. धोंडबाचा राग उतरला नव्हता. तो बायकोशी बोलला नाही आणि त्या तिरमिरीत बोट जिभेला लावायचंही राहिलं. टप झाला, काचा झाल्या, दारं झाली. धोतर त्याच पाण्यात पिळून त्याने सरळ हात ओढले. बिडी ओढली. मग नाइलाजाने विचारलं, "पाह्य वं."

अंजनाबाई गाडीभोवती फिरून आली. "चकाचक."

"ओघळ?"

"एक नाई."

साडेसातला ऊन भिंतीवरून गाडीवर उतरलं. वकील बाहेर आले, मागून दुपट्यातलं लेकरू घेऊन चारुशीला. पायरीवरच वकील थबकले.

"धोंडबा, हे काय?"

"काय साहेब?"

वकील कोर्टातही आवाज चढवत नसत. त्यांनी धोंडबाचा हात धरून बॉनेटवर ठेवला. "इथे काय दिसतंय तुला?"

"काई नाई साहेब. चकाचक हाय."

सगळं बॉनेट देवी आल्यासारखं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं होतं. दारांवर पांढुरके फराटे उठले होते. चारुशीलाने लेकरू छातीशी घट्ट धरलं. वकिलांनी त्याचा हात सोडून दिला, आणि तेवढ्यानेच धोंडबाला कळलं की आपण संपलो.

"किती दिवसांपासून?" वकिलांनी विचारलं.

धोंडबा हातातल्या फडक्याची घडी करत राहिला.

"किल्ली दे." वकिलांनी किल्ली मुठीत घेतली. "माझी नात बसणार होती रे ह्यात. तुझ्या भरवशावर." मग म्हणाले, "महिनाअखेर खोली रिकामी कर."

ते स्वतःच स्टिअरिंगवर बसले. ठिपक्यांसकट गाडी फाटकाबाहेर गेली. दुसरा गिअर पडल्याचा आवाज धोंडबाने ऐकला, तिसऱ्याचाही ऐकला, आणि मग काहीच ऐकू येईना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती गाडी त्याच्यावाचून गेली होती. आता कशाला जगायचं, असं त्याला सरळ सरळ वाटलं.

तो चाचपडत बादलीजवळ बसला. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

"अंजने."

"काय?"

"पाणी कुठचं भरलं होतं वं?"

"विहिरीचं."

"ठिपके दिसून राहिले होते तुले?"

"सारे."

"शपथ घातली होती ना मी!"

"म्हणून तं तोंडानं नाई बोलली कोणाले," अंजनाबाई म्हणाली. "तुमचं मेलेलं तोंड नाई पाहाचं मले. अन् त्या लेकराचंबी नाई."

त्याला शिवी द्यायची होती. बादली लाथाडायची होती. दोन्ही जमलं नाही. आवाजाच्या रोखाने त्याने मान वळवली, पण उन्हात तिचा चेहरा नुसता धुरकट डाग होऊन राहिला होता.

"रडून राहिली का वं?" शेवटी त्याला विचारावं लागलं.

"नाई," ती म्हणाली. सकाळी "चकाचक" म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात.