राणीचा शनिवारचा व्हिडिओ

आमच्या रहिमतपूरच्या शाळेची आटपाडीकडच्या एका शाळेशी जोडी लावली ती सरांनी. दोन्हीकडच्या दहावीच्या पोरांनी दर शनिवारी, दिवस मावळायच्या आत, एका ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा: या आठवड्यात अभ्यासात काय जड गेलं? मी बीजगणित सांगून मोकळी झाले. वर्गातल्या शिवतेजनं इंग्रजीचं रडगाणं गायलं. आमचं रडणं सगळं एकाच छापाचं.

राणीचं वेगळं. तिचा चेहरा कधी दिसायचाच नाही, कारण फोनचा पुढचा कॅमेरा फुटलेला. दिसायची मेंढरं, घोड्यावर लादलेला संसार, आणि मागून आवाज: "प्रमेय पाठ केलं, पर अडलं तर विचारायचं कुणाला?" तिच्या घरची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमच्या पट्ट्यात उतरतात आणि दर दोन-तीन दिवसांनी रान बदलतात. वडिलांनी, भाऊसोंनी, अट घातली होती. शनिवारी व्हिडिओ गेला तर परीक्षेला बसायचं. एक जरी चुकला तर पुस्तकं बंद.

मला चैनच पडेना. कोण असेल ही? आज कुठं असेल? व्हिडिओ थांबवून थांबवून मी मागच्या पाट्या वाचायची. आई म्हणायची, नसत्या चौकशा.

परवाच्या शनिवारी विहिरीवर मोटार चालू करायला गेले, तर शेडात अनोळखी फोन चार्जिंगला लावलेला. दारात डोक्याला फडकं गुंडाळलेली मुलगी. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, खतासाठी रानात मेंढरं बसवली होती, हे मला ठाऊक होतं. तरी डोकं फिरलं.

"कुणाला विचारून लावलास गं?"

"आबांनी लाव म्हणलंय, ताई. जरा ऱ्हाऊ दे, लय गरज हाय."

"आबांचं मला सांगू नगंस." उचलली जीभ, लावली टाळ्याला. फोन काढून तिच्या हातात दिला आणि शेडाला कुलूप घातलं. ती मेंढरांकडं निघून गेली.

दुपारी ग्रुपवर राणीचा व्हिडिओ आला. सात सेकंदांचा. "फोनला दोनच टक्के हायती. आज बहुतेक..." आणि बंद. काय जड गेलं, ते सांगायचं राहिलंच.

सवयीनं थांबवून मागचं बघितलं. निळी भिंत. तिच्यावर लाल रंगात, आबांच्या वाकड्या अक्षरात माझं नाव: शिवांजली. माझ्या जन्माच्या वर्षी बांधलेलं आमचंच शेड. दोन महिने कान देऊन ऐकलेला आवाज समोर उभा राहून बोलला, आणि मी आपलंच घोडं दामटलं. मला माझीच लाज वाटली.

पळतच रानात गेले. भाऊसो मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळत होते.

"आवं मामा, फोन मी काढला. आबांनी लावू दिलता. तिची चूक न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग सूर्याकडं. "दिस हाय अजून," एवढंच म्हणाले.

मी माझा फोन राणीला दिला, ग्रुप उघडून, पुढचा कॅमेरा लावून. तिनं स्वतःला बघितलं, फडकं सारखं केलं आणि प्रमेय एका दमात म्हणून दाखवलं. दिवस मावळायच्या आत व्हिडिओ गेला. नाकावर तीळ होता. एवढे दिवस मी काय काय कल्पना केली होती, त्यात तीळ नव्हता.

मग तिनं फोन माझ्याकडं वळवला. "आता तुझं. तुला काय जड जातं?"

बीजगणित ओठांवर आलं होतं.

"दुसऱ्याचं ऐकून घेणं," मी म्हणाले.

तिनं फोन लगेच बंद केला नाही. मी आणखी काही बोलते का, ते ती बघत राहिली.