बुरुलकानने हात न लावलेला पाना

मित्रांनो, मी तेरा नंबरचा एक जुना पाना आहे. हसू नका! मान वाकडी, शेपूट अर्धी कापलेली, असा काही मी जन्मलो नव्हतो. नारीन शहराजवळच्या आमच्या गावात मेकॅनिक आसानकुल उस्तादाने मला भट्टीत लाल केले आणि ठोकून वाकवले. जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या खाली एक नट असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि सरळ पाना तिथे पोचत नाही. त्या एका नटासाठी माझा हा अवतार झाला.

"चांगल्या पान्याचं वाटोळं केलंस!" उस्तादाची बायको ओरडली होती. पण मी त्या अडचणीत शिरलो, थोडा फिरलो, उलटा होऊन पुन्हा फिरलो आणि नट सुटला. उस्ताद हे काम डोळे मिटून, नुसत्या बोटांनी करायचा. पुढे दूरदूरच्या गाड्या माझ्यासाठी येऊ लागल्या. खोटे कशाला बोलू, मला थोडा गर्वही झाला.

शेजारच्या बुरुलकानची निळी गाडी तर माझी नेहमीची. ती त्या गाडीतून वाळवलेल्या दह्याचे गोळे बाजारात न्यायची. ती आणि उस्ताद एका वर्गात शिकलेले. एकदा नट आवळून होतो न होतो, तोच तिने हाक मारली, "अरे आसानकुल, बोरसोक गार होतायत! गरम खा, नट काय पळून जातोय?"

तळलेल्या कणकेच्या त्या तुकड्यांचा वास आला आणि उस्तादाचे भान सुटले. मला तिथेच, कार्बोरेटरखालच्या खाचेत ठेवून तो गेला. खाऊन आला आणि त्याने बॉनेट लावून टाकले. मी खूप ओरडलो, पण लोखंडाचे कोण ऐकतो!

दुसऱ्या दिवशी शोधाशोध झाली. बुरुलकान मला अधूनमधून मागून न्यायची, म्हणून उस्ताद थेट तिच्या दारात गेला.

"पाना तुझ्याकडेच राहिलाय. दे बघू."

"नाहीये माझ्याकडे."

"मग काय त्याला पाय फुटले?"

बुरुलकान घरातून नान घेऊन आली आणि दोन्ही हातांत धरून तिने शपथ घेतली. आमच्याकडे नान हातात असताना कोणी खोटे बोलत नाही. तरी उस्ताद म्हणाला, "नान धरून खोटं बोलणारे पाहिलेत मी."

त्या दिवसापासून बोलणे बंद झाले. गावात ती 'पानावाली' झाली. आणि मी तिच्याच गाडीत, तेलाच्या थरात, दोन हिवाळे पडून होतो. फार लाज वाटायची मला.

तिसऱ्या वसंतात, वरच्या कुरणावर, तो नट ढिला झाला. इंजिन फुसफुसू लागले. बुरुलकानने टॉर्च लावून आत डोकावले आणि तिला माझी शेपूट दिसली.

"नदीत फेक!" तिची नणंद म्हणाली. "परत दिलास तर म्हणतील, चोराला उपरती झाली."

 बुरुलकानने मला हात न लावताच बॉनेट लावले आणि गाडी हाणली ती थेट गावाकडे. काय तो रस्ता! प्रत्येक खड्ड्याला वाटायचे, आता पडलो. मी पडलो असतो तर तिचे नाव कधीच धुतले गेले नसते.

उस्तादाच्या अंगणात तिने बॉनेट उघडले. "तो नट ढिला झालाय. बघ."

उस्तादाने सवयीने डोळे मिटले आणि हात आत घातला. बोटे माझ्यावर येऊन थांबली. बराच वेळ त्याने हात बाहेर काढला नाही. मला उचलले तेव्हा खाली माझ्या आकाराची स्वच्छ जागा उरली होती.

"मीच ठेवला होता," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. तेव्हा मोठ्यानं बोलला होतास."

"मीच विसरलो होतो!" उस्ताद रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडला.  मग आत जाऊन त्याने नान आणला आणि दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा राहिला.

"आधी नट आवळ," बुरुलकान डोळे पुसत म्हणाली. "मग खाऊ."

मित्रांनो, काम झाले की आम्हा हत्यारांना पुसून जागेवर ठेवत जा. आणि एखादे सापडेनासे झाले, तर शेजाऱ्याच्या दारात जाण्याआधी, तुमचा हात शेवटी जिथे होता तिथे एकदा घालून बघा. मी दोन वर्षे तिथेच होतो.