रोज आठाला पाटकरी

"किल्ली ठेव खाली!" वकील गरजला. कोर्टाची पायरी त्यानं कधी चढलेली नाही. बांधाबांधावर भांडून हे नाव कमावलंय. "रोज सकाळी आठाला मावशीच्या अंगणात जातोस. उगाच जातोस होय? पाणी मुरतंय कुठंतरी!"

पाटाच्या दाराची किल्ली बावीस वर्षं पाटकऱ्याच्या कमरेला. कुणाच्या रानाला कधी पाणी, ते तोच सोडणार. किल्ली गेली की म्हाताऱ्याकडं उरतं काय? दोन दुखरे गुडघे आणि पाळी पुकारायची एक शिट्टी.

आता कबूलच करतो, ही काडी मीच टाकली होती. माझं रान मावशीच्या रानाला लागून, आणि मोजायची खोड जन्माची. एकवीस दिवस मोजले, एकवीस फेऱ्या भरल्या. वकिलाच्या कानात सांगून मोकळा झालो. बाविसाव्या दिवशी, म्हणजे त्याच सकाळी, पुरावा हवा म्हणून कुंपणाला कान लावून बसलो.

बघतो तर दोघं पायरीवर, मध्ये तांब्या.

"आ करा," मावशी म्हणाली.

"गिळली की. किती वेळा आ करू?"

"मागल्या महिन्यात चार दिवस विसरलात आणि पाचव्या दिवशी दोन गिळल्यात. तुमच्यावर विश्वास ठेवू? जीभ वर!"

म्हाताऱ्यानं जीभ वर केली. मग तिनं आपली गोळी टाकली, आणि त्यानंही तेवढ्याच संशयानं तिचं तोंड तपासलं.

"डॉक्टरीण म्हणाली, एचआयव्ही दबलाय," तो म्हणाला. "आता हाडं सांभाळा म्हणते. आणि मूत्रपिंड."

"हाडं काय, वय झालं की सगळ्यांचीच कुरकुरतात. पण गोळी चुकली तर तो पुन्हा डोकं वर काढेल."

"दवाखान्यात पहिल्यांदा दिसलीस तेव्हा मी तोंड फिरवलं होतं."

"मीपण. पण फिरवून जाणार कुठं? रांग एकच."

म्हाताऱ्यानं रस्त्याकडं नजर टाकली. "गावाला कळलं तर गं?"

"तर पाटाला हात लावू देतील का तुम्हाला? पाणी बाटलं म्हणतील."

मी रांगतच मागं सरलो. पण तोंडातून गेलेला शब्द आणि दारातून सुटलेलं पाणी मागं फिरत नाही. दुपारपर्यंत वकिलानं सगळे शेतकरी पाटावर गोळा केले.

"बोल की!" वकील पुन्हा ओरडला.

पाटकऱ्याचा हात किल्लीवर गेला. खरं ओठांवर आलेलं मला दिसलं. "मी... दवाखान्यात..."

"ते काय सांगणार!" मावशी पदर खोचून पुढं आली. "जीव जडलाय त्यांचा माझ्यावर. साठी उलटली म्हणून माणसाचं लाकूड होतं का?"

हशा पिकला. लफडं म्हटल्यावर गावाचे चेहरे कसे उजळले! "म्हातारा चळला रे!" कुणीतरी शिट्टी मारली. वकील मात्र हटेना. "आणि तिला जादा सोडतो ते पाणी?"

मी उठलो. "पाण्याचं मला विचार. मावशीची पाळी तीन तासांची. पावणेतीन तासांतच दार बंद होतं तिचं. मक्याची पानं बघ, सुरळी झालीत. आता तुझ्या पाळीचं सांगू? तीन तासांवर दहा मिनिटं..."

वकील बसला. किल्ली कमरेलाच राहिली.

जाताना मावशी माझ्यापाशी थांबली. "बरंच मोजता की. आणखी काय काय मोजलंत?"

"पाणीच."

तिचा काही विश्वास बसला नाही.

चार दिवसांनी ती लेकीकडं गेली. आठ वाजले. पाटकरी तिच्या बंद दाराशी उभा. कशाला आलो तेच त्याला आठवेना. मी तांब्या घेऊन गेलो. "गोळी काढा. मग आ करा."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुंपणाला कान लावला होता."

त्यानं खिशातून डबी काढली. माझ्या हातात नाही दिली. पाठ फिरवून आधी स्वतः गोळ्या मोजल्या, एक गिळली, उरलेल्या पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडं वळून आ केला, आणि न सांगता जीभ वर केली.