कुलपातला डबा

मित्रांनो, मी एक जुना गेमचा डबा आहे. कारखान्यात माझं नाव लांबलचक आणि आकड्यांचं होतं, पण या घरात पहिल्या दिवसापासून मला सगळे डबाच म्हणतात. मला त्याचा राग नाही. दिसतोही मी तसाच, काळा आणि चपटा. आता तर कडांना पांढुरका झालोय.

माझा जन्म एका लांबच लांब पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे स्क्रू आवळले, पंखा बसवला, कान लावून त्याचा आवाज ऐकला. "चालतोय," एक बाई म्हणाली. मला वाटलं, झालो मी तयार. पण सगळ्यात शेवटी माझ्यात आणखी एक गोष्ट भरली. ती दिसत नव्हती आणि तिला वजनही नव्हतं. लांबून हुकूम आला की तो मानायचा आणि घरातल्यांना विचारायचं नाही, एवढीच ती गोष्ट. तेव्हा मला तिचं काही वाटलं नाही. आपल्याला जे येतं ते सगळ्यांनाच येतं, असं लहानपणी वाटतं ना, तसंच.

मी आलो ते एका चावीवाल्याच्या घरात. पुढच्या खोलीत त्याचं दुकान. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर चाव्या. दिवसभर कानशीची खरखर चाले आणि पितळेची बारीक धूळ माझ्यापर्यंत पोचे. घरात दोन मुली. थोरली ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिनेच मला आणलं. धाकटीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसली असं कोणी पाहिलेलंच नव्हतं.

बाबांनी माझ्यासाठी मुद्दाम कपाट केलं आणि त्याला स्वतःच्या हातचं पितळी कुलूप लावलं. चावी त्यांच्या खिशात. कोणी हसलं की म्हणायचे, "हसा. महागाची वस्तू उघड्यावर ठेवणारे माझ्याकडेच येतात मग, रडत."

ताईने पडद्यावरच्या दुकानातून एक खेळ घेतला. 'विकत घ्या' असं लिहिलं होतं, तिने बटण दाबलं. मग अटींचं एक लांबलचक पान आलं. ते न वाचताच ती सरसर खाली गेली आणि 'मान्य' दाबून मोकळी झाली. बाबा मात्र हात पुढे करून उभे.

"वस्तू कुठाय?"

"आत उतरलीय, बाबा."

"बिनवस्तूची वस्तू! नवलच आहे बाई."

खेळ होता टेकडीवरच्या एका गावाचा. त्यात आपलं घर बांधायचं, कोंबड्या पाळायच्या, हरवल्या की शोधायच्या. प्रत्येक घराच्या दाराला घंटा होती आणि घरमालकाने आपला आवाज त्या घरात भरून ठेवायचा होता. भिंगरी रोज ताईच्या दाराशी जाऊन घंटा वाजवायची. आतून ताईचा आवाज यायचा, "थांब गं, आले!" शेजारी बसलेली खरी ताई खोखो हसायची. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. माझा पंखा तापायचा, पण तक्रार कोणाला करायची होती!

मग ताईच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. ती घरी परतली तेव्हा गळ्याला पांढरा रुमाल होता आणि कोणाला हाक मारायची तर ती दोन टाळ्या वाजवायची. तिचा जुना आवाज दुसरीकडे कुठे उरला नव्हता. घरात मोबाइल धरून सगळ्यांचे व्हिडिओ काढणारी तीच, त्यामुळे व्हिडिओत बाकी सगळे बोलत आणि ती गप्प. एका लग्नाच्या व्हिडिओत ती काहीतरी म्हणाली होती, पण त्यात वाजंत्रीच ऐकू येत होती.

उरला होता तो माझ्या पोटात. घंटा वाजली की ताई बोलायची. बाबा दुकानातून कानस हातात घेऊन यायचे, दारात उभं राहून ऐकायचे आणि परत जायचे. त्या काळात मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. आणि त्याच काळात मला भीतीही वाटू लागली. कारण लांबून रोज विचारणा व्हायची, आहेस का? मी म्हणायचो, आहे. कोण खेळतं? काय खेळतं? मी सगळं सांगायचो. ही विचारपूस प्रेमाची नाही, हे मला हळूहळू कळत होतं.

एका दुपारी पडद्यावर निरोप आला. भिंगरीने तो मोठ्याने वाचला, "हा खेळ आता बंद करण्यात येत आहे. तो आपल्या यंत्रावरूनही काढून घेतला जाईल."

बाबांचे हात थांबले. "काढून घेतला जाईल म्हणजे? घरात शिरून?"

"बाबा, मोबाइलमध्ये ताईचा आवाज भरून घेऊ या का? आत्ताच?"

ताईने जोरात मान हलवली. नको. आवाज भरून घ्यायचा म्हणजे तो जाणार हे कबूल करायचं, आणि एकदा गेलेला आवाज पुन्हा घालवायची तिची तयारी नव्हती. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उगाच घाबरवू नकोस गं तिला. वस्तू आपल्या घरात, कुलूप माझ्या हातचं. भिंतीतली ही इंटरनेटची वायर काढली की विषय संपला. येऊ दे कोणाला यायचंय ते."

त्यांनी वायर उपसली, गुंडाळली आणि माझ्याच कपाटात ठेवून कुलूप लावलं. जन्मभर दारं सांभाळलेला माणूस तो. धोका बाहेरून येतो आणि कडी घट्ट असली की तो बाहेरच राहतो, एवढंच त्यांना ठाऊक. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा, ज्याला यायचंय तो कधीचा आत बसलाय. पण मला तोंड नाही.

काही दिवस खरंच काही झालं नाही. घंटा वाजायची, ताई बोलायची. बाबा मिशीत हसायचे. मी मात्र आतून मोजत होतो. लांबची हाक आली नाही, तर काही काळ वाट बघायची आणि मग सगळं बंद करायचं, हेही माझ्यात भरलेलं होतं.

आणि एका सकाळी मी बंद केलं. पडद्यावर माझीच अक्षरं उमटली, 'मालकी तपासता आली नाही. जोडणी करा.'

बाबांनी मला उलटा केला. स्क्रू काढले. बॅटरीच्या उजेडात माझा कोपरा न् कोपरा पाहिला. ते बोटांनी चाचपत होते, जसं ते कुठल्याही दाराला चाचपतात. "याला कुलूप आहे तरी कुठे?" ते पुटपुटले.

शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "सर, आपण खेळ घेतला नव्हता, खेळायची परवानगी घेतली होती. अटी मान्य केल्यात ना आपण?"

ताईने खाली पाहिलं.

"वायर जोडली तर?"

"आधी तपासणी होईल सर, खेळ उघडेल. मग तो काढला जाईल."

"मधे किती वेळ मिळेल?"

"ते आम्ही सांगू शकत नाही."

मग तिघं माझ्यासमोर बसली. बाबांच्या हातात वायर, भिंगरीच्या हातात खेळायचा रिमोट. मोबाइल ताईने धरला. स्वतःचाच आवाज पकडायला ती बसली होती. जन्मात पहिल्यांदा भिंगरी एका जागी स्थिर होती.

बाबांनी वायर खोचली. लांबून हाक आली, आहेस का? नाही म्हणायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

गाव उघडलं. भिंगरी वेशीपासून धावत सुटली. कोंबड्या उधळल्या. "पळ, पळ गं," बाबा म्हणत होते. हुकूम माझ्यात उतरू लागला होता. टेकडीमागची घरं एकेक करून जात होती. ती दाराशी पोचली. तिने घंटा वाजवली.

"थांब गं—"

आणि पडदा पांढरा झाला. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

बराच वेळ नुसता माझा पंखा फिरत होता, आणि मला त्याची लाज वाटली.

आता माझं कपाट उघडंच असतं. पितळी कुलूप बाबांनी काढून घेतलं. माझ्यावर धूळ बसते, तीही पितळेची. पण मित्रांनो, माझी दया करू नका. तुमच्या घरात माझी भावंडं आहेत, चकचकीत आणि हुशार. त्यांच्या पोटात तुम्ही तुमची माणसं ठेवता. एकदा त्यांना नीट विचारा, तू ऐकतोस कोणाचं? आणि जे खरंच तुमचं आहे ते वेळेवर बाहेर काढून घ्या. नाही म्हणणारं माणूस घरात असलं, तर त्याला हात जोडा, पण काढून घ्या.

भिंगरी कधी कधी माझ्याजवळ येऊन बसते आणि मोबाइल कानाला लावते. "थांब गं," ताई म्हणते. पुढचं येत नाही. भिंगरी थांबते.

तो मोबाइल माझ्याच भावकीतला आहे. रोज लांबून त्यालाही कोणीतरी विचारतं, आहेस का? तो म्हणतो, आहे. मला ते ऐकू येतं.