यंत्रावरचा हिरवा पुडा

मी पुडा बोलतोय. नारळाच्या चवीच्या मक्याच्या पोंग्यांचा, हिरव्या रंगाचा. हसू नका! इथे तैवानातल्या शिंचू शहरात माझ्याशिवाय मोठमोठ्या यंत्रांचं पान हलत नाही. माझ्यावर छापलेल्या नावाचा इथल्या भाषेत अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. म्हणून मला खात नाहीत, यंत्राच्या डोक्यावर ठेवतात. पुडा हिरवाच हवा, आणि पाठीवरची तारीख उलटायच्या आत बदलायला हवा. पिवळा ठेवलात, तर यंत्र रुसलंच समजा.

दुकानात टांगलेला होतो तेव्हा वाटायचं, एखादं पोर मला फोडेल, बोटं चाटेल. पण मला घेतलं पेइलिनने. ती विद्यापीठात संशोधक. डॉक्टरेट झालेली, तरी नोकरी कच्चीच. दरवर्षी करार वाढला तर वाढला. रेणूमध्ये इलेक्ट्रॉन कसे बसतात, हे ती गणिताने शोधायची. बाटल्या नाहीत, नळ्या नाहीत, नुसती समीकरणं आणि हे घरघरणारं संगणकयंत्र. "बाबा रे, एवढं गणित पुरं होऊ दे," म्हणत तिने मला दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवलं.

मी काम चोख केलं. यंत्र एकदाही बंद पडलं नाही. लोखंड असलेल्या एका रेणूची ऊर्जा त्याने काढली आणि आकडा प्रयोगातल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. तिचे प्राध्यापक फान सर नाचायचेच बाकी होते. "समितीला हा आकडा दाखव, तुझा करार वाढलाच म्हणून समज!"

पण पेइलिनला चैन कुठलं! समिती यायच्या दिवशी सकाळीच ती यंत्रापुढे बसली. इलेक्ट्रॉनांची बसलेली घडी तिने मुद्दाम जराशी विस्कटली, धक्का दिला म्हणा ना, आणि गणित पुन्हा चालवलं. ते खरंच ऊर्जेच्या सर्वांत खालच्या पायरीवर असते, तर परत तिथेच येऊन बसले असते. ते आणखी खाली घसरले. आकडा बदलला, जुळणी गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बिघडलं का गं?" यंत्र सांभाळणारे वेंगदादा धावत आले. आधी माझीच तारीख तपासली! असा राग आला म्हणता!

"नाही दादा, यंत्र शहाणंच आहे. आम्हीच मधल्या पायरीला तळ समजलो."

फान सरांनी ऐकलं आणि दार लोटून घेतलं. "कुणी विचारलंय तुला? आकडा जुळतोय ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"सर, तो योगायोगाने जुळतोय."

"आणि करार गेला तर? घरी आईला काय योगायोग सांगणार आहेस?"

मी मनात ओरडत होतो, जाऊ दे गं बाई, शहाण्यासारखं वाग! दुसरं शिकलोय काय मी?

समिती समोरच्याच खोलीत बसली होती, दोन्ही दारं आता उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. "सुरुवातीलाच सांगते, आमचा आकडा चुकीचा आहे," ती म्हणाली.

करार वाढला नाही. आज तिचा शेवटचा दिवस. माझीही तारीख भरत आलेली. वेंगदादा नवा पुडा घेऊन आले आणि मला कचऱ्यात टाकणार, तोच ती म्हणाली, "द्या इकडे."

"अगं, यंत्रावरचा पुडा खातात का? तुझं नवं गणित अर्ध्यात आहे, रुसेल ते!"

"रुसू दे." तिने मला टर्रकन फोडलं.

फान सर दारात उभे होते. आत आले, माझ्यातला एक पोंगा उचलला, खाल्ला. "हे गणित तरी तळाला पोचलंय का?"

"इलेक्ट्रॉनांना धक्के देऊन बघितलेत, सर. आता फक्त पुढचं गणित चालू आहे."

"या कामाच्या शोधलेखात तुझं नाव पहिलं राहील," ते म्हणाले. तिच्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. यंत्र आपलं घरघरतच राहिलं.

आता तळाशी चारच पोंगे उरलेत. माझ्या जागी नवा पुडा येईल, तिच्या जागीही कुणीतरी येईल. जो येईल त्याला माझा निरोप सांगा: यंत्राला शहाणं ठेवायला आम्ही पुडे आहोत. आकडा फार छान जुळला ना, की तू मात्र त्याला एक धक्का देऊन बघ.