चराचे दुसरे तोंड

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अक्षयाने आपले वेडर्स न्हाणीघरात टांगले. छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार शॉवरच्या दांड्यावरून निर्जीव लोंबत होती. तिने आत एक टॉर्च सोडला आणि दिवा मालवला. अंधारात एक धड पिवळसर उजळले, आणि डाव्या मांडीच्या शिवणीलगत सुईच्या टोकाएवढा एक तारा चमकला.

"सापडलं," ती म्हणाली. "इथून पाणी आत येतं."

दारात तिचा नवरा अपूर्व टूथब्रश धरून उभा होता. "तुझ्या ह्या बिनमुंडक्याच्या पाहुण्याला डिस्चार्ज कधी? मला दात घासायचेत."

"ग्लू वाळायला उद्या संध्याकाळ होईल."

"वा! म्हणजे मी किचनच्या सिंकमध्ये थुंकू?"

"थुंकून तर बघ."

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या फ्लॅटपासून तिचा समुद्र तीन तासांवर होता, आणि हिवाळ्यात तो त्याहूनही दूर जाई. थंडी वाढली की बास मासा किनारा सोडतो आणि अंडी घालायला खोल, काळ्या पाण्यात उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये चुकून एखादा गळाला लागलाच, तर कायद्याने त्याला परत सोडावे लागते. एप्रिल उजाडेपर्यंत बासच्या मागे लागलेल्या माणसाकडे उरतात ती फक्त हत्यारे आणि हात. अक्षयाने दोन्ही रिळे वर्तमानपत्रावर उघडून त्यांना ग्रीस लावले. ल्यूर म्हणून वापरायच्या त्या चकचकीत खोट्या माशांचे गंजलेले गळ काढून नवे बसवले. रविवारी पार्कात जाऊन ती दोरीला नुसते वजन बांधून दूरवर फेकत राही. कुत्री ते आणायला धावत आणि रिकाम्या तोंडाने परत येत. मित्रमंडळी धक्क्यावरून व्हायटिंग नावाचे हिवाळी मासे पकडायला बोलवत होती. ती एकदा गेली आणि अर्ध्यातून उठून आली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर आकडे सरकत असताना टेबलाखाली तिची बोटे आपोआप गाठ मारत आणि सोडवत.

इतर वर्षी हेच तिला पुरे. यंदा हात मोकळे झाले, की नोव्हेंबर परत येई.

गॉवरच्या किनाऱ्यावर, वेल्समध्ये, ओहोटीला एक लांबट कातळ उघडा पडतो. कातळ आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. ओहोटीत उथळ झाला की तो ओलांडून कातळावर जायचे, समुद्राकडे तोंड करून गळ टाकायचा, आणि चर भरायच्या आत परत फिरायचे. कारण भरती आधी समोरून येत नाही, ती पाठीमागे जमते. कधी फिरायचे ते काठावरून दीनानाथकाका सांगत. काका मूळचे रेवदंड्याचे, शहात्तर वर्षांचे, उमेदीची सगळी वर्षे याच देशात काढलेले. मराठी मंडळाच्या कोजागिरीला त्यांनी अक्षयाला पहिले वाक्य ऐकवले होते ते असे: "बास म्हणजे आपल्या जिताड्याचा गोरा चुलतभाऊ. खाऊन काय बघतेस, धरून बघ." सारे त्यांनीच तिला शिकवले. पुढे गुडघे गेले तसे ते काठावरच थांबू लागले, आणि चराच्या पूर्व तोंडाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या खडकावर नजर ठेवू लागले. पाणी पट्ट्याला लागले, की हाक: "फिर गं!"

नोव्हेंबरमध्ये ती हाक आली आणि अक्षया तत्काळ फिरली. तरीही चरात पाणी तिच्या काखांपर्यंत होते. पाय सुटले, वेडर्स भरून जड झाले, हातातली रॉड गेली. काका कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि त्यांनी तिच्या खांद्याचा पट्टा धरून तिला ओढले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला: "मी हाक उशिरा दिली. यापुढे कुणासाठी काठावर उभा राहणार नाही. माझी रॉड विकायला काढली आहे." मग ते ख्रिसमससाठी कॉव्हेंट्रीला मुलीकडे गेले आणि तिथेच राहिले. अक्षया फोन करी; उत्तरादाखल मेसेजमध्ये नुसते जोडलेल्या हातांचे चित्र येई.

अपूर्वने आपले म्हणणे एकदाच सांगितले. "काठावर कोणीतरी पाहिजे. काका नसतील तर तू कातळावर जायचं नाहीस. आणि मला उभं करू नकोस; मला भरती कळेपर्यंत तू आयर्लंडला पोचशील."

तेव्हा एप्रिल तिच्यासाठी उजाडणार की नाही, हे कॉव्हेंट्रीतल्या एका गप्प माणसावर अवलंबून होते.

मार्चच्या अमावस्येला वर्षातले मोठे उधाण होते. उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ते मागेही सरते. त्या शनिवारी अक्षया पहाटे निघाली आणि समुद्राकडे पाठ करून कॉव्हेंट्रीला गेली. दार काकांच्या इथेच वाढलेल्या मुलीने, नीनाने, उघडले.

"अक्षया, प्लीज बाबाला नको नेऊ. त्याचा गुडघा अजून दुखते. आणि ती दगड सगळे स्लिपरी आहे."

"धरून नेईन."

"तो फार क्वायट झालाय. टीव्ही बघते, पण साउंड नाही लावत."

काका मागच्या काचेच्या खोलीत बसले होते. त्यांनी मान न वळवताच विचारले, "काय गं, वाट चुकलीस?"

"न्यायला आलेय."

"हाक द्यायला डोळे लागतात. ते आता नाहीत."

"काका, हाक वेळेवर होती. मी लगेच निघाले होते."

"हे तू चांगुलपणानं म्हणतेस."

"मी आणि चांगुलपणा? अपूर्वला विचारा." ती त्यांच्या समोर उकिडवी बसली. "मासे धरायला नाही नेत आहे. आज चर कोरडा पडेल. तुम्हीच म्हणायचात ना, हिवाळ्यात मासा मिळत नाही, तेव्हा समुद्राचा तळ वाचावा. मला ओढायला शिरलात ते सोडलं, तर चार वर्षांत तुम्ही खाली उतरला नाहीत. मी तर तो कोरडा कधीच पाहिला नाही."

बाहेर बागेत एक रॉबिन उगाच इकडून तिकडे उडत होता. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, जणू त्यालाही कुठे जायचे ते ठरवता येत नव्हते.

"नीना," ते अखेर म्हणाले, "माझे बूट कुठं लपवलेस?"

गाडी ब्रिस्टलपर्यंत आली. मग अक्षयाने विचारले, "तुमची रॉड विकली गेली का?"

"जाहिरात टाकलीय."

"मग?"

"फोटो टाकायचा राहिला."

तिने हसू दाबले आणि गाडीचा वेग थोडा वाढवला.

दुपारी समुद्र जणू घर रिकामे करून गेलेला होता. जिथे एरवी पाणी उभे असे तिथे नुसता उजेड उभा होता. शेवाळाच्या तपकिरी जटा खडकांवर निपचित पडल्या होत्या, आणि सगळ्या किनाऱ्यातून थेंबांचा एक बारीक, अस्वस्थ आवाज येत होता. काका एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात अक्षयाचे मनगट धरून उतरले. प्रत्येक पावलाला ते पुटपुटत. ती शिवी होती की स्तोत्र, हे तिला कळेना.

चराच्या पूर्व तोंडाशी पांढऱ्या पट्ट्याचा खडक होता तसाच होता. काकांनी पट्ट्यावर पंजा टेकवला. "हा बघ. इथं पाणी लागलं की चरात गुडघाभर. आजवर कधी चुकला नाही."

"पुढे चला."

ते चरातून पश्चिमेकडे चालू लागले. दोन्ही बाजूंना कातळ, पायाखाली ओली वाळू. वळणापाशी काका थबकले. त्यांनी काठीने वाळू टोचली, चार पावले गेले, पुन्हा टोचली.

"इथं बांध होता," ते म्हणाले.

"कसला?"

"गोट्यांचा. माणसाच्या छातीएवढा. चराचं हे तोंड बंद होतं. पाणी फक्त पूर्वेकडून यायचं." त्यांचा आवाज चढला. "अख्खा बांध, अक्षया! कुठल्या वादळानं नेला? कधी नेला?"

पश्चिमेचे तोंड सताड उघडे होते; त्यातून दूरवर मागे सरलेल्या समुद्राची करडी कड दिसत होती. नोव्हेंबरचे ते पाणी इथून आले होते. पट्टा कोरडा असतानाच ते तिच्या पाठीमागे, वळणाआड जमू लागले होते, आणि काठावर काकांच्या नेहमीच्या जागेवरून हे तोंड दिसतच नव्हते.

"म्हणजे तुमची हाक बरोबर होती."

"बरोबर होती," काका म्हणाले. त्यात सुटका नव्हती. "बरोबर असून तू बुडत होतीस. मग त्या बरोबरचं मी काय करू?"

नेमके आता बोलावे, हिवाळाभर साठवलेले सगळे सांगावे, असे तिला वाटले. पण तिने नुसते वर पाहिले. पश्चिम तोंडाच्या वर, किनाऱ्याच्या उतारावर, एक सपाट दगड होता.

"तिथून दोन्ही तोंडं दिसतील का?" तिने विचारले.

काकांनी डोळे बारीक केले. "वारा लागेल."

"कानटोपी घाला."

"आणि माझी जुनी जागा?"

"ती सोडावी लागेल, काका."

काकांनी एकदा पूर्वेकडे वळून पाहिले. मग त्यांनी तिचे मनगट सोडले आणि काठीच्या आधाराने एकटेच उतार चढू लागले. त्यांच्यामागे न जाणे हे तिला त्या दिवशीचे सगळ्यात अवघड काम वाटले. ती वळली, चर ओलांडून कातळावर चढली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. हातात रॉड नव्हती. बोटे हवेतच गाठ मारत होती.

पाणी फिरले. समोर एक पांढरी रेघ जाड होऊ लागली. वळून पाहायचे नाही, असे तिने ठरवले होते. पाहिले असते तर हाकेला अर्थ उरला नसता. पाठीमागे वाऱ्याखेरीज काही नव्हते. काका बसले असतील का? उठून गाडीकडे गेले असतील का? छातीत नोव्हेंबरचे गार पाणी पुन्हा चढू लागले. कातळाच्या कडेला फेस आला, गेला, आला.

"फिर गं!"

हाक फाटकी होती, पण मोठी होती. अक्षया चरात उतरली. पश्चिमेच्या तोंडातून आलेले पाणी तिच्या घोट्यापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. ती न धावता पलीकडे गेली, उतार चढून सपाट दगडापाशी आली. काका उभेच होते. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"फारच लवकर दिलीत," ती धापा टाकत म्हणाली.

"लवकरच देणार यापुढं. मासा गेला तर गेला. चालत नसेल तर दुसरा माणूस बघ."

"बघते की. तुमच्या रॉडच्या जाहिरातीखाली टाकते."

"फोटो नको टाकूस," काका म्हणाले आणि नजर चरावर ठेवूनच दगडावर बसले. पांढरा पट्टा अजून कोरडा होता. पाणी त्याला लागायच्या कितीतरी आधी, वळणापाशी, दोन्हीकडून आलेले पाणी एकमेकांत शिरत होते.