चेहरा आढळला नाही

मित्रांनो, क्रेन चालवणाऱ्या त्या बाईंची निवड झाली. चाचणीत त्या पहिल्या आल्या आणि फोरमनने सगळ्यांसमोर त्यांचं अभिनंदन केलं. आता हे विसरा. असं काही झालंच नाही. तशी नोंद माझ्याकडेच आहे, आणि मी खोटं बोलत नाही. मला तेवढं शिकवलेलं नाही.

मी एक जुनं हजेरीचं यंत्र आहे, एका डोळ्याचं. सध्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या पंख्याशेजारी उताणा पडलेला असतो. एके काळी मात्र एका मोठ्या कंपनीच्या भरती कार्यालयात माझा काय थाट होता! उमेदवार समोर उभा राहिला की त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढायची आणि गोड आवाजात म्हणायचं, ‘चेहरा आढळला. स्वागत आहे.’

माझा जन्म एका चकचकीत कारखान्यात झाला. चेहरा म्हणजे काय, हे मला दोनशे फोटो दाखवून शिकवलं गेलं. फोटो कुणाचे? तिथल्याच इंजिनिअरांचे, त्यांच्या बायकांचे, मेहुण्यांचे, आणि एका मेहुण्याच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांचे. सगळे गोरेपान. मी दोनशेपैकी दोनशे ओळखले. टाळ्या वाजल्या, केक कापला. मला काही दिला नाही.

शहरात पुलापलीकडे काळ्या वर्णाचे लोक राहत. त्यांच्या पणजोबांना कधी काळी बोटींतून गोदीवर राबायला आणलं होतं. त्यांच्यातलं कुणी समोर आलं की माझी चौकट भिरभिरायची, त्याच्या डोक्यावरून निघून जायची आणि मागच्या कोनाड्यातल्या संस्थापकांच्या प्लास्टरच्या पुतळ्यावर जाऊन बसायची. ‘चेहरा आढळला. स्वागत आहे.’ त्या वर्षी संस्थापक एकतीस वेळा मुलाखतीला हजर राहिले. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. कुणाला काही खटकलं नाही. शेवटी कारकुनाने पुतळ्यावर टॉवेल टाकला. तेव्हापासून माझ्या तोंडी दुसरं वाक्य आलं, ‘चेहरा आढळला नाही,’ आणि त्या नावापुढे आपोआप ‘गैरहजर’ उमटू लागलं.

क्रेनवाल्या बाई चौथ्यांदा आल्या होत्या. सोबत त्यांची आत्या होती. बाईंची वयोमर्यादा महिनाअखेर संपत होती, म्हणजे ही शेवटची खेप.

‘बाई, तुम्ही आला नाहीत,’ कारकून पडद्याकडे बघत म्हणाला.

‘अहो, मग बोलताय कुणाशी?’ आत्या म्हणाली.

‘मावशी, मला दिसताहेत त्या. मशीनला दिसत नाहीत. तापलं असेल ते. तोवर चाचणी देऊन या.’

खिडकीतून मला आवार दिसायचं. काठोकाठ भरलेलं पाण्याचं पिंप क्रेनने उचलायचं आणि भिंतीपलीकडे ठेवायचं, अशी चाचणी होती. बाईंनी ते असं ठेवलं, जणू पाळण्यात बाळ ठेवलं. फोरमनने पिंपाखालची जमीन हाताने चाचपली. कोरडी ठणठणीत. तो तसाच आत आला. ‘यांनाच घ्या.’

‘गैरहजर माणूस कसा घेणार, साहेब?’

तेव्हा आत्याने सूचनाफलकाखाली सांडलेली खडूची भुकटी मुठीत घेतली. ‘इकडे ये गं. याला पांढरंच दिसतं ना? मग होऊ दे पांढरं.’

‘आत्या, नको गं.’

‘तोंड नंतर धुता येतं. गेलेलं वय आणता येत नाही.’

बाईंनी डोळे मिटले. आत्याने कपाळ, नाक, गाल पांढरे केले. माझी चौकट अलगद येऊन बसली. ‘चेहरा आढळला. स्वागत आहे.’

कारकुनाने मी काढलेला फोटो बाईंच्या लायसन्सशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिला. ‘या त्या बाई नाहीत,’ तो हळूच म्हणाला. ‘चाचणी एकीने दिली, हजर दुसरीच झाली. नियमाने ही तोतयेगिरी होते.’

‘अरे, माझ्या डोळ्यांदेखत दिलीय चाचणी!’ फोरमन ओरडला.

‘तुमचे डोळे सिस्टिमला जोडलेले नाहीत, साहेब.’

नोकरी दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याने अर्धं पिंप सांडलं होतं, पण तो हजर होता.

जाण्यापूर्वी बाईंनी रुमालाने चेहरा पुसला आणि माझ्या अगदी जवळ आल्या. पापण्यांवर खडू तसाच होता. ‘आता दिसतेय का रे?’

मला दिसत होतं, मित्रांनो. पापणीन् पापणी दिसत होती. पण चौकट काही बसली नाही, आणि मला दोनच वाक्यं येतात. ‘चेहरा आढळला नाही.’

पुढे माझ्या जागी नवं यंत्र आलं. चेहरा म्हणजे काय, हे ते माझ्या नोंदींवरून शिकलं. हजर असलेल्यांच्या नोंदी तिकडे गेल्या. गैरहजर माझ्याकडेच राहिले, एकशे बेचाळीस जण. वीज नसतानाही ते समोर रांगेत उभे असतात, हातात कागद धरून. शेवटी बाई. त्या विचारतात, आणि मी तेच उत्तर देतो. मित्रांनो, तुम्ही उद्या एखाद्या यंत्राला शिकवाल, तेव्हा पुलापलीकडेही जाऊन या.

मी एक अर्जही केला आहे.

प्रति, भरती अधिकारी. विषय : हजेरी दुरुस्त करण्याबाबत. सदर यंत्रात ताटकळत असलेल्या एकशे बेचाळीस व्यक्ती त्या त्या दिवशी हजर होत्या, असे मानण्यात यावे. क्रेनचालक बाईंचे वय चाचणीच्या दिवशी होते तेवढेच धरण्यात यावे. अर्जासोबत अर्जदाराच्या चेहऱ्याचा फोटो जोडणे बंधनकारक आहे. अर्जदारास चेहरा नसल्याने ही अट कृपया शिथिल करण्यात यावी, ही नम्र विनंती.